कोडी घालणारे हात कोणाचे?

तर्क ही कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही. तरीही "तुमच्या पोरांना डोक्याचे काम जमत नाही, त्यांनी सोपे विषय घ्यावेत" हा शहाजोग सल्ला आमच्या पिढीने शाळेच्या वर्गात, कॉलेजच्या पायरीवर आणि पुढे नोकरीच्या दारात इतक्या वेळा ऐकला, की आपल्यातल्याही काहींना तो खरा वाटू लागला. पिढ्यान्‌पिढ्या अर्थ न विचारता पाठांतरावर पोट भरणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या डोक्याची मापे काढावीत, यासारखा विनोद नाही. पण विनोद म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही, कारण त्या सल्ल्यापायी किती मुलांनी गणिताचे पुस्तक मिटले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत गेल्या पावसाळ्यापासून रविवारी वंदना झाल्यावर दोन तास एक वेगळाच वर्ग भरतो. मुले-मुली तर्ककोडी सोडवतात आणि स्वतः तयारही करतात. साहित्य म्हणाल तर एक जुना संगणक, दोन-तीन मोबाईल आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. चळवळीत चाळीस वर्षे घालवलेले एक काका परवा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "वकीलसाहेब, बाहेर आरक्षणावर वरवंटा फिरतोय आणि तुम्ही पोरांना चौकटीत आकडे भरायला बसवलंय?"

काकांचा प्रश्न चुकीचा नाही. आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर या लेखातून देत आहोत.

आधी परीक्षेचे बोलू, कारण पोटाचा प्रश्न तिथे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सी-सॅट आणली. प्रादेशिक भाषांतून शिकलेली, खेड्यापाड्यांतली मुले त्या पेपरात मागे पडू लागली. २०१४ मध्ये दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता झाला. आपल्या राज्याच्या आयोगाने तोच पेपर २०१३ मध्ये आणला आणि पात्रतेपुरता केला २०२२ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत ज्यांची वयोमर्यादा संपली त्यांना कोण विचारतो? बँकेच्या पूर्वपरीक्षेत तर आजही वीस मिनिटांत तर्काचे पस्तीस प्रश्न सोडवायचे असतात. वर्तुळाकार टेबलाभोवती आठ जण बसले आहेत, अमुक हा तमुकच्या डावीकडे तिसरा, तर समोर कोण? (आठ जण एका टेबलाशी बसतात आणि कोणी कोणाला आडनाव विचारत नाही, हे फक्त प्रश्नपत्रिकेतच घडते!)

वस्तीतल्या एका मुलाने आईच्या बचत गटातून कर्ज काढून शहरातल्या एका क्लासची फी भरली. वर्षाने परत आला तेव्हा त्याच्या वहीत पानेच्या पाने 'ट्रिक्स' लिहिलेल्या होत्या. कोणती ट्रिक कधी लावायची हे त्याला पाठ होते. ती का चालते, हे मात्र एकाही ट्रिकबद्दल सांगता येत नव्हते. म्हणजे पैसे भरून पुन्हा पाठांतरच पदरात पडले. ज्या घरात बाप रविवारच्या पुरवणीतले कोडे मुलाला मांडीवर घेऊन सोडवतो, त्या घरातल्या मुलाला हा सराव फुकट आणि नकळत मिळतो. बावीस वर्षांनी परीक्षेत त्याचेच नाव 'मेरिट' होते.

हा सराव आपल्या मुलांना कोठून मिळणार? शोध घेता घेता आम्हाला काही संकेतस्थळे सापडली. इथे लोक तर्ककोडी तयार करतात, एकमेकांना पाठवतात आणि सोडवतात. ती चालवणारे बहुतेक जण हौसेने काम करणारे प्रोग्रामर आहेत.

पझ लिंक नावाचे स्थळ घ्या. मूळ काम एका जपानी प्रोग्रामरचे, पुढे इतरांनी ते वाढवले. शंभराहून अधिक प्रकारची कोडी तिथे रिकाम्या चौकटीतून तयार करता येतात. गंमत अशी, की तयार झालेले संपूर्ण कोडे त्या पानाच्या पत्त्यातच साठवलेले असते. पत्त्याची ती लांबलचक ओळ व्हॉट्सअॅपवर गावाकडच्या भावाला पाठवली की कोडे पोहोचले. नोंदणी नाही, फी नाही. नाव नाही, आडनावही नाही. पेनपा प्लस हे दुसरे. तिथे कागद-पेन्सिलीने जे काढता येईल ते जवळपास सगळे पडद्यावर काढता येते. तिसरा सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरचा संग्रह, २००४ पासून वाढत आलेला, चाळीसेक खेळांचा. हा एकदा संगणकावर उतरवून घेतला की इंटरनेटही लागत नाही आणि हवी तितकी नवी कोडी तो स्वतः बनवून देतो. आमच्या अभ्यासिकेतल्या म्हाताऱ्या संगणकावर तोच चालतो. तिन्हींचा प्रोग्राम खुला आहे. कोणीही पाहावा, बदलावा. पाण्याच्या तळ्यासाठी ज्यांना महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांना 'कोणीही' या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको.

उदाहरणादाखल एक खेळ सांगतो. जपानी नाव हाशीवोकाकेरो, आमची मुले त्याला 'पूल' म्हणतात. कागदावर गोल बेटे, प्रत्येकात एक आकडा. आकड्याइतके पूल त्या बेटाला जोडायचे. पूल आडवे किंवा उभे, दोन बेटांमध्ये जास्तीत जास्त दोन, एकमेकांना छेदायचे नाहीत. आणि शेवटची अट, सगळी बेटे मिळून एकच जाळे झाले पाहिजे, एकही बेट वेगळे पडता कामा नये. आता कोपऱ्यातल्या बेटावर ४ लिहिले असेल तर? कोपऱ्यातून दोनच दिशा, प्रत्येक दिशेला दोनच पूल, म्हणजे चारही पूल ठरले. अंदाज नाही, नशीब नाही. एक आणि एक अशी दोन बेटे शेजारी दिसली तर त्यांना एकमेकांशी जोडायचे नाही, कारण ती दोघे जोडली की बाकी गावापासून तुटली. आठवीतल्या मुलाने हे स्वतः शोधून सांगितले तेव्हा आम्हाला जे वाटले, ते खटला जिंकल्यावरही क्वचित वाटते.

या खेळाला ना इंग्रजी लागते ना संस्कृत. नियम एकदा मराठीत समजावला की कागदावर उरतात आकडे आणि रेघा. केंद्रीय परीक्षेचे पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत वाचून आधी भाषा सोडवायची आणि मग प्रश्न, ही दुहेरी शिक्षा इथे नाही.

या कोड्यांचा इतिहासही आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. काम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा आपला जुनाच प्रश्न त्यात आहे. सुडोकू जपानी आहे असे सगळे समजतात. ते पहिल्यांदा छापून आले अमेरिकेत, १९७९ मध्ये, डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात, 'नंबर प्लेस' या नावाने. करणाऱ्याचे नाव कोड्याखाली नव्हते. पुढे विल शॉर्ट्झ या कोडेतज्ज्ञाने जुने अंक तपासले. ज्या अंकांत नंबर प्लेस होते त्यांच्या लेखकांच्या यादीत हॉवर्ड गार्न्स हे नाव सापडले, ज्या अंकांत ते कोडे नव्हते तिथे हे नावही नव्हते. इंडियानापोलिसचे हे निवृत्त वास्तुविशारद १९८९ मध्येच वारले होते. आपल्या कोड्याने जग वेडे केले हे त्यांना कळलेच नाही.

जपानमध्ये ते १९८४ मध्ये निकोली या प्रकाशनाने आणले. त्याचे संस्थापक माकी काजी हे विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडलेले गृहस्थ. सुडोकू हे नाव त्यांचे. २०२१ मध्ये ते गेले. निकोलीच्या मासिकाचे वैशिष्ट्य असे, की त्यातली कोडी मोठ्या प्रमाणावर वाचकच घडवून पाठवत. नवा प्रकार कोणी वाचक सुचवी, दुसरा तो सुधारी. आजच्या संकेतस्थळांवर जे चालते त्याचे बीज या कागदी मासिकात आहे. मग १९९७ मध्ये हाँगकाँगचे एक निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना टोकियोच्या पुस्तकाच्या दुकानात सुडोकू दिसले. या न्यायाधीशसाहेबांनी सहा वर्षे खपून कोडी बनवणारा प्रोग्राम लिहिला आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये सुडोकू सुरू झाले. वर्षभरात ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले. म्हणजे न्यायासनावर बसलेल्या माणसालाही हे रिकामटेकडे काम वाटले नाही, हे काकांच्या कानावर घालतो.

अर्थात न्यायालयात याचा वाईट उपयोगही झाला आहे. २००८ मध्ये सिडनीत अमली पदार्थांचा एक खटला तीन महिने चालला, शंभरावर साक्षीदार झाले. आणि लक्षात आले, की ज्युरीतले काही जण टिपणे काढत नसून सुडोकू सोडवत आहेत! न्यायाधीशांना तो खटला तिथेच रद्द करावा लागला.

आता मुद्द्याची गोष्ट. सोडवणे हे अर्धेच काम आहे. कोडे घालायला बसले की माणूस बदलतो. खेड्यात रात्री ओट्यावर आज्या नातवंडांना हुमान घालत, तेव्हा उत्तर काय हे आजी ठरवी आणि तिच्याशी वाद नसे. तर्ककोड्यात तसे चालत नाही. तिथे घालणाऱ्यावर एक कडक बंधन असते, ते म्हणजे दिलेल्या खुणांवरून एकच उत्तर निघाले पाहिजे, दुसरे शक्यच असता कामा नये.

आमच्या वर्गातल्या बारावीच्या मुलीने पुलांचे कोडे बनवले, सतरा बेटांचे. मेहनत घेतली होती. दुसऱ्या रविवारी सातवीतल्या एका मुलाने ते सोडवले आणि त्याचे उत्तर हिच्या उत्तराशी जुळेना. मुलगी म्हणाली, "दादा, त्याचं चुकलंय. माझं उत्तर मीच ठरवलंय ना?" दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मुलाने एकही नियम मोडला नव्हता. कोड्यालाच दोन उत्तरे होती.

त्या दिवशी आम्ही मुलांना कोर्टाची गोष्ट सांगितली. पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूचा खटला होता, शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही, सगळा पुरावा परिस्थितीजन्य. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आरोपीला सोडले, कारण त्या पुराव्यातून आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. परिस्थितीजन्य पुरावा कधी मानावा याची पाच तत्त्वे त्या निकालात घालून दिली आहेत आणि न्यायालयाने त्यांना शब्द वापरला 'पंचशील'! सार असे, की साखळी पूर्ण हवी आणि आरोपी दोषी आहे याखेरीज दुसरे कोणतेही अनुमान त्यातून निघता कामा नये. 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यांच्यात फार अंतर आहे. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर न्या. ए. वरदराजन होते, सर्वोच्च न्यायालयात बसलेले अनुसूचित जातीतले पहिले न्यायमूर्ती. आणि वर्ष तेच, ज्या वर्षी जपानमध्ये सुडोकू छापले गेले. हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो आवडतो. मुलीला म्हणालो, "तुझ्या कोड्याला संशयाचा फायदा मिळाला, आरोपी सुटला." ती चिडली आणि कागद घेऊन घरी गेली.

पण सगळे जग चौकटीत बसत नाही, हेही पोरांना सांगावे लागते. कोड्यात सगळ्या खुणा समोर मांडलेल्या असतात, कोणी लपवत नाही. आमच्या खटल्यांत पंचनामा लिहिणाराच कधी कधी खूण खोडतो. खैरलांजीचे हत्याकांड घडले २००६ मध्ये. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आरोपींना दोषी धरले, पण दोन्हीकडे अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. गावातल्या शेंबड्या पोराला दिसणारी जात न्यायालयाला पुराव्यात दिसली नाही.

इथे कोड्यांच्या जगातली एक गोष्ट उपयोगी पडते. नेहमीच्या सुडोकूत सतरापेक्षा कमी आकडे देऊन एकच उत्तर काढता येत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवून दिले. पण २०२० मध्ये मिचेल ली यांचे एक सुडोकू गाजले. त्यात ८१ घरांपैकी फक्त दोन घरे भरलेली होती, एक आणि दोन. तरी उत्तर एकच! कारण त्यांनी नियम वाढवले होते. बुद्धिबळातल्या घोड्याच्या किंवा राजाच्या चालीने पोहोचता येईल अशा घरात तोच अंक नको, लगतच्या घरांत लागोपाठचे अंक नकोत. नियम वाढले की खुणा कमी लागतात. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने नेमके हेच केले. २६ जानेवारी २०१६ पासून कलम ८ मध्ये नवे गृहीतक आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय धरून चालेल, नव्हती हे आरोपीने दाखवावे. एक नियम वाढला आणि जी खूण आम्ही वर्षानुवर्षे शोधत होतो ती सिद्ध करण्याचे ओझे आमच्या खांद्यावरून उतरले. कायदा करणाऱ्यांच्या सभागृहात असे नियम सुचवणारी डोकी आपली असावीत, एवढे तरी काकांना पटेल.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत इतिहासातल्या गहाळ दुव्यांचे काय करायचे याची चर्चा केली आहे. लेखी पुरावा मिळत नाही म्हणून गप्प बसायचे, की आहेत त्या दुव्यांवरून अनुमान बांधायचे? त्यांनी अनुमान बांधले आणि तपासायला जगापुढे ठेवले. ती प्रस्तावना तर्काच्या वर्गात वाचावी अशी आहे. मात्र कालामसुत्ताचा दाखला देताना आपण एक गोष्ट हमखास गाळतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, या यादीतच केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, असे आहे. अनुभवाची आणि हिताची कसोटी भगवंतांनी वर ठेवली. नुसता तर्क चालवून विषमतेचे समर्थन करणारे पंडित आपण कमी पाहिले आहेत का?

राहता राहिला नावाचा प्रश्न. ही संकेतस्थळे आडनाव विचारत नाहीत, हे आम्हाला प्रथम फार चांगले वाटले. नंतर गार्न्सची आठवण झाली. आमच्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या कोड्याखाली नुसते आद्याक्षर घातले. शहरात खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर त्याला दोन ठिकाणी दार बंद झाले होते, तेव्हापासून ही सवय. त्याला आम्ही काय सांगणार? नाव न लिहिणे हा त्याचा बचाव आहे. पण पेनपा प्लसवर कोड्याबरोबर करणाऱ्याचे नाव नोंदवायची सोय आहे आणि वर्गाने बहुमताने ठराव केला की पूर्ण नाव लिहायचे. तो मुलगा ठरावाच्या बाजूने नव्हता. त्याच्यावर सक्ती केलेली नाही.

पुढचा पल्लाही लांब आहे. तर्ककोड्यांची जागतिक स्पर्धा १९९२ पासून आणि सुडोकूची २००६ पासून होते. २०१७ मध्ये दोन्ही बंगळूरला झाल्या. लॉजिक मास्टर्स इंडियाच्या ऑनलाइन स्पर्धांना घरबसल्या बसता येते. आमच्या दोघांनी यंदा प्रयत्न केला. क्रमांक सांगण्यासारखा नाही, पण वेळ संपेपर्यंत दोघेही उठले नाहीत.

ती बारावीची मुलगी तीन आठवड्यांनी परत आली. एका बेटाचा आकडा बदलून आणि एक बेट सरकवून तिने कोडे दुरुस्त केले होते. या वेळी पाच जणांनी वेगवेगळे बसून सोडवले आणि पाचही उत्तरे एकच निघाली. आता ते विहाराच्या फलकावर लावले आहे, सतरा बेटे आणि खाली तिचे पूर्ण नाव. रविवारी वर्ग सुटल्यावर दाराला कुलूप लावायला गेलो तर काका फलकासमोर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. कोपऱ्यातल्या चारपासून त्यांनी सुरुवात केली होती. आम्हाला पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, खोडरबर आहे का?"